मधाळे सरांचा वर्ग ‘न्हाय’ म्हणाला

आधीच सांगून टाकतो, या गोष्टीतला वाईट माणूस मी आहे. म्हणजे वाचताना उगाच दुसऱ्या कुणावर संशय घेत बसायला नको. गोष्ट मात्र माझी नाही, कृष्णात मधाळे यांची आहे. त्यांच्याइतका चांगला शिकवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि ते शिकवणं कसं बंद पडलं हे मला सोडून कुणालाच नीट ठाऊक नाही.

पंचाहत्तरच्या जूनमध्ये आम्ही दोघं निपाणीतल्या एका कॉलेजात एकाच दिवशी रुजू झालो. दोघांचा विषय अर्थशास्त्र. मी परशराम चौगुले, बेळगुंदीचा, शेतकऱ्याच्या घरातला, गावातला पहिला एम.ए. म्हणून हार घालून एसटीत बसवलेला. मधाळे निपाणीचेच, बौद्ध समाजातले. त्यांची आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. आम्ही दोघंही तात्पुरते. जूनमध्ये ऑर्डर हातात पडायची, मार्चमध्ये ती संपायची. पुढंमागं एक कायम जागा मंजूर होईल आणि ती दोघांपैकी एकाला मिळेल, असं संस्थेनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. एका म्यानात दोन तलवारी म्हणावं तर आम्ही दोघंही भाजी चिरायच्या सुऱ्या. भांडण असं कधी झालं नाही. एकत्र डबा खायचो, एकमेकांना ‘सर’ म्हणायचो आणि मनातल्या मनात मोजमाप चालू असायचं. निदान माझं तरी.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा चाळीसातली नऊ पोरं पास झाली होती. त्यांच्या वर्गाची तीच गत, माझ्या वर्गाची तीच. मी काय म्हणायचं ते म्हणून मोकळा झालो. पोरं तंबाखूच्या धुरळ्यात वाढलेली, मराठी शाळेतनं आलेली, त्यांना इंग्रजी पुस्तकं काय कळणार? नाचता येईना अंगण वाकडं. मधाळे मात्र निकालाचा कागद पुढ्यात घेऊन स्टाफरूममध्ये बसून राहिले.

“चौगुले सर, ही पोरं मला वरीसभर व्हय म्हणत हुती.”

“मग?”

“रोज तासाच्या शेवटी इचारायचो, समजलं का? रोज ‘व्हय सर’. एक दिवस बी कुणी न्हाय म्हणालं न्हाय. मग ही नापास झाली कशी?”

मी हसलो. पोरं व्हय म्हणतात म्हणून मास्तरनं त्यावर विश्वास ठेवायचा असतो का? पण हा माणूस खरोखरच दुखावला होता, कुणी घरातल्यानं फसवावं तसा. आठवडाभर त्यांच्या डोक्यात तेच. मग एकदा डबा खाता खाता म्हणाले, “सर, आपल्याकडं ‘व्हय’ म्हंजे उत्तर न्हाय. ती रीत हाय. माझी आई तीस वर्सं मुकादमाला व्हय म्हणत आली. त्यो काय बोलला ते तिला निम्म्या वेळा ऐकू बी आलेलं नसायचं. मोठा माणूस बोलला की व्हय म्हणायचं. पोरं घरनं तेवढंच शिकून येत्यात.”

हे ऐकून मला माझे वडील आठवले. तलाठ्यापुढं उभं राहून ते असंच ‘व्हय, व्हय’ करायचे आणि बाहेर आल्यावर मला विचारायचे, “काय म्हणाला रं त्यो?”

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात म्हैसूरला कॉलेजच्या शिक्षकांसाठी तीन आठवड्यांचा वर्ग निघाला. शिकवावं कसं आणि वर्षभराचा अभ्यास आखावा कसा, हे शिकवणाऱ्यांनाच शिकवायचं, असा तो प्रकार. सुट्टी घालवून तिथं जायला कोण तयार होणार? प्राचार्यांनी आधी मला विचारलं. मला चुलतभावाचं लग्न होतं. नसतं तरी मी ते काढलं असतं. मधाळे म्हणाले, मी जातो.

परतले ते सायक्लोस्टाईल कागदांचा एक गठ्ठा घेऊन. शाई फुटलेली, काही पानं आडवी छापलेली. तो गठ्ठा त्यांनी इतका वाचला की कडा लोकरीसारख्या मऊ झाल्या. “आपण उलटं करतोय, सर,” ते म्हणायचे. “आधी पुस्तक उघडतो, शेवटपतुर ओढत नेतो अन् वर्स संपल्यावर बघतो पोरं कुठं राहिली ते. आधी ठरवाय पायजे, शेवटाला पोराला काय करता आलं पायजे. मग तिथनं माघारी येत येत तास मांडायचे.”

दर शनिवारी दुपारी ग्रंथालयात त्यांनी शिक्षकांची बैठक सुरू केली. स्टाफरूमनं तिला ‘मधाळ्यांची बालवाडी’ असं नाव ठेवलं. चार-पाच जण यायचे, त्यात मीही. मी कशासाठी जायचो तेही सांगतो. ते प्रत्येक धड्याचा एक तक्ता तयार करायचे. वर एकच ओळ, हा धडा झाल्यावर पोराला काय जमलं पाहिजे. खाली उदाहरणं, सगळी निपाणीची. मागणी समजावायला भाजीबाजार, पुरवठ्याला तंबाखूचा हंगाम, उत्पादनखर्चाला बिडीचा हजारा, म्हणजे हजार बिड्यांची मजुरी. मी ते तक्ते उतरवून घ्यायचो. फुकट ते पौष्टिक. माझे तास बरे होऊ लागले आणि प्राचार्य एकदा मलाच म्हणाले, “चौगुले, तुमची तयारी दिसते हं.” मी मान डोलावली.

पण मधाळ्यांनी जे खरं काम केलं ते त्या गठ्ठ्यात नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं होतं. त्यांनी पोरांना ‘न्हाय’ म्हणायला शिकवलं.

वाटतं तितकं ते सोपं नाही. पहिले दोन आठवडे ते तासाच्या शेवटी विचारायचे, समजलं का, आणि चाळीस पोरं म्हणायची, व्हय सर. मग ते खडू टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, “आज मला एक ‘न्हाय’ पायजे. त्याबिगार मी जात न्हाय.” पोरं खाली मान घालून बसायची. मास्तरला तोंडावर न्हाय म्हणायचं म्हणजे काय गंमत आहे? शेवटी एक दिवस पहिल्या बाकावरची मुलगी उठली. गंगव्वा घस्ते तिचं नाव. सकाळी घरी बिड्या वळून मग कॉलेजला यायची. इतक्या बारीक आवाजात म्हणाली की मागच्यांना ऐकू गेलं नाही, “न्हाय सर.”

“शाबास! काय न्हाय समजलं?”

तिला ते सांगता येईना. तेव्हा मधाळ्यांनी नियम काढला. न्हाय म्हणायचं तर ठिकाण सांगायचं. नुसतं न्हाय म्हणजे आळस. ठिकाण सांगितलेलं न्हाय म्हणजे अभ्यास. जे ठिकाण सांगेल त्याचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं आणि दुसऱ्या दिवशीचा तास तिथनं सुरू करायचा. उद्याचा तास त्यांनी घरून ठरवून आणलेला नसायचाच. पोरांनी जिथं बोट ठेवलं तिथनं तो निघायचा.

दिवाळीनंतर त्या वर्गाचा रंगच पालटला. मी व्हरांड्यातून जात असलो की आतून त्यांचा आवाज यायचा, “समजलं का?” आणि चाळीस पोरांचा एकदम गजर, “न्हाय!” पाठोपाठ हशा, आणि मग हातच हात वर. हा त्यांचा रोजचा खेळ झाला होता. त्या ‘न्हाय’मध्ये पोरांची सगळी ऐट होती. लेझीमवाले पहिल्या ठोक्याला एकदम पाऊल टाकतात, तसं ते त्यांचं न्हाय. मला त्याचा मत्सर वाटायचा. माझा वर्ग अजून ‘व्हय सर’ म्हणत होता.

फेब्रुवारी अठ्ठ्याहत्तरमध्ये ती कायम जागा मंजूर झाली. दोघांचे तास पाहायला एक समिती येणार असं कळलं. मधाळ्यांना ती जागा हवी होती. घरात बायको, सात वर्षांची मुलगी, थकलेली आई. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांना शिकवायचं होतं. दुसरं काही करण्याची कल्पनाच त्यांना नव्हती. “जागा तुमास्नी मिळाली तर मी हायस्कुलात जाईन,” ते मला म्हणाले होते. “पण वर्गाबाहीर मला जमायचं न्हाय, सर.”

समितीत तीन माणसं होती. अध्यक्ष म्हैसूरकडचे, वयस्क, घाईतले. मराठी तिघांपैकी कुणालाच येत नव्हतं. सकाळी माझा तास झाला. तक्ता मधाळ्यांचाच होता, हे वेगळं सांगायला नको. शेवटी प्राचार्यांनी वर्गाला विचारलं, समजलं का, आणि माझ्या पोरांनी एका सुरात म्हटलं, “व्हय सर.” अध्यक्षांना तेवढं कळलं. त्यांनी मान हलवून कागदावर काहीतरी लिहिलं.

दुपारी मधाळ्यांचा तास. मागणीचा नियम. भाजीबाजारातल्या वांग्यांवरनं सुरू करून त्यांनी तो इतका सहज फळ्यावर आणला की समितीतला एक जण पुढं सरकून बसला. तास संपल्यावर रीतीप्रमाणं शिक्षकाला बाहेर जायला सांगितलं. मधाळे दार ओढून घेऊन लांब स्टाफरूमकडं गेले. अध्यक्षांनी पोरांना कन्नडात विचारलं, “अर्थ आयितेनु?” म्हणजे कळलं का. पोरं एकमेकांकडं बघू लागली. निपाणीची पोरं, बाजारातलं कन्नड त्यांना येत होतं, पण एवढ्या मोठ्या माणसाला कोणत्या भाषेत उत्तर द्यायचं हे ठरेना. तेव्हा प्राचार्यांनी मला आत बोलावलं. “चौगुले सर, जरा मराठीत विचारा ह्यांना,” म्हणून ते स्वतः पाहुण्यांच्या चहाचं बघायला बाहेर गेले.

हजार तऱ्हांनी विचारता आलं असतं. सरांचं शिकवणं आवडतं का? आज काय शिकलात ते सांगा बघू? माझ्या तोंडून निघालं, “समजलं का?”

ते मुद्दाम होतं की सवयीनं, हे मला आजही सांगता येणार नाही. पुढचं मात्र मुद्दाम होतं.

पाहुण्यांपुढं आपल्या सरांचं नाव काढायचं म्हणून त्या पोरांनी छाती भरून घेतली आणि आजवर कधी दिला नसेल असा आवाज दिला, “न्हाय!” चेहरे असे फुललेले. आणि लगेच हात वर. गंगव्वा तर उभीच राहिली. म्हणाली, “सर, किंमत वाढली की मागणी कमी होती हे आलं ध्यानात. पर मिठाची किंमत वाढली तरी आमची आई मीठ तेवढंच घालती. मग नियम कुठं गेला?”

मी अर्थशास्त्राचा एम.ए. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं विचारावा असा याहून चांगला प्रश्न नाही, हे मला त्या क्षणी कळलं होतं. पुढचा सगळा धडा त्या एका प्रश्नात होता. अध्यक्षांनी विचारलं, काय म्हणते ती?

मी म्हणालो, “तिळिदिल्ला अंताळे.” समजलं नाही, म्हणते.

“साकु, साकु,” पुरे म्हणत अध्यक्ष कागद गोळा करू लागले. गंगव्वा अजून उभीच होती. मी तिला म्हणालो, “बस खाली.”

अहवाल आठवड्यानं आला; तोवर गॅदरिंगमुळं तास बंदच होते. विषय समजत नसल्याचं विद्यार्थ्यांनी एकमुखानं सांगितलं, असं त्यात लिहिलं होतं. जागा मला मिळाली. खरं बोलायचं तर मधाळ्यांचा वर्ग न्हाय म्हणाला याचं स्टाफरूममध्ये कुणालाच आश्चर्य वाटलं नाही, आणि त्याचं कारण शिकवणं हे नव्हतं. मधाळे कुठल्या गल्लीतून येतात ते सगळ्यांना ठाऊक होतं. वखारवालीचा पोरगा, त्याला कॉलेजात काय जमणार, असं बोललं कुणी नाही, पण वाटलं अनेकांना. माझं खोटं त्या ‘वाटण्या’त अलगद बसलं, म्हणून ते टिकलं.

प्राचार्यांच्या खोलीतून मधाळे बाहेर आले तेव्हा मी पायरीवर उभा होतो. ते माझ्याजवळ आले.

“चौगुले सर, तुमी हुतासा न्हवं आत?”

“होतो.”

“खरंच पोरं न्हाय म्हणाली?”

“व्हय.”

“मग ठिकाण सांगितलं असंल की त्यांनी. कुणी कुणी सांगितलं?”

इथं बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. ते धावत प्राचार्यांकडं गेले असते, पोरांना बोलावलं असतं, सगळं उलगडलं असतं. कायमची ऑर्डर माझ्या खिशात होती.

“नाही,” मी म्हणालो. “ठिकाण कुणीच सांगितलं नाही. नुसतं न्हाय म्हणाली.”

ते मैदानाकडं वळले. मग म्हणाले, “तसं असंल तर खरंच असंल. माझी पोरं आता खोटं बोलत न्हाईत.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे तक्ते एका पिशवीत घालून मला आणून दिले. तुमच्या उपयोगी पडतील म्हणाले. मार्चपर्यंत थांबले नाहीत. वर्गाचा निरोपही घेतला नाही. कोणत्या तोंडानं घेणार होते? हायस्कुलात गेले असतील असं मी मनाला सांगितलं. मनाला काय सांगायचं ते आपल्याच हातात असतं.

त्यांचा वर्ग माझ्याकडं आला. पहिल्या तासाच्या शेवटी मी विचारलं, समजलं का, आणि पोरांनी गजर केला, न्हाय! मी टेबलावर डस्टर आपटला. ही काय चेष्टा आहे, म्हणालो. दुसऱ्या दिवशी आवाज निम्मा झाला. आठवड्यात सगळी व्हय सर म्हणायला लागली. जे शिकवायला त्या माणसाला चार-पाच महिने लागले, ते मी एका आठवड्यात पुसलं. गंगव्वानं एकदा स्टाफरूमच्या दारात येऊन विचारलं, “मधाळे सर कवा येणार?” त्यांना लांब मोठी नोकरी लागली, असं मी सांगितलं. तिचा चेहरा एवढासा झाला. “जाताना सांगून तरी जायचं,” म्हणाली.

जूनमध्ये निकाल लागला. त्या वर्गातली एकतीस पोरं पास झाली. कॉलेजात असं कधी घडलं नव्हतं. निकालाच्या कागदावर वर्गशिक्षक म्हणून नाव माझं होतं. सभेत प्राचार्यांनी मला उभं केलं, टाळ्या झाल्या, आणि मी मूग गिळून त्या घेतल्या.

त्यानंतर नऊ वर्षं गेली. मी सीनियर झालो, कॉलनीत घर बांधलं. सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात कॉलेजच्या शिक्षकांसाठी चार आठवड्यांचा वर्ग सक्तीचा म्हणून मला जावं लागलं. आता तशा वर्गाला हजर राहिल्याशिवाय वरची श्रेणी मिळणार नव्हती, म्हणून सगळे धावत होते. दुसऱ्या आठवड्यात एक पाहुणे आले, मोठं नाव असलेले. त्यांनी सांगितलं, वर्गाला ‘समजलं का’ विचारू नका. काय समजलं नाही ते नेमकं सांगायची विद्यार्थ्याला सवय लावा आणि पुढचा तास तिथून आखा. ही अगदी नवी पद्धत आहे, म्हणाले. पन्नास शिक्षकांनी माना खाली घालून ते वहीत लिहून घेतलं. माझा हात चालेना. शेजारच्यानं विचारलं, बरं वाटत नाही का? मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं आणि रडलो. चाळिशीकडं झुकलेला माणूस, कॉलेजच्या नळाखाली रडतो. लाज वाटली, पण थांबेना.

मधाळ्यांचा धाकटा भाऊ भरमा निपाणीतच होता. त्याच्याकडून पत्ता मिळाला. ते मच्छ्याला होते, बेळगावजवळ, तिथल्या कारखान्यांपैकी एकात सामानाच्या कोठारावर कारकून. जानेवारीतल्या एका रविवारी मी गेलो. पत्र्याच्या छपराची दोन खोल्यांची चाळ. ते दारात बसून चपलेचा अंगठा शिवत होते. मला बघून उठले, आणि इतका आनंद झाला त्यांना की मला तिथूनच माघारी फिरावंसं वाटलं.

“आवो, चौगुले सर! या, या. गौतमी, च्या टाक गं, निपाणीचं सर आलेत!”

गौतमी म्हणजे त्यांची मुलगी. सतरा वर्षांची, वडिलांसारखीच उंच. आत गेली.

मी विचारलं, हायस्कुलात का नाही गेलात? ते हसले. “वर्ग पुढ्यात बसंल या इचारानंच भ्या वाटाय लागलं. ही पोरं व्हय म्हणतील अन् त्यातलं काहीच त्यांच्या डोसक्यात गेलं नसंल. चाळीस पोरं एका तोंडानं न्हाय म्हणाली, सर. अन् ठिकाण बी सांगता आलं न्हाय त्यांना. म्हंजे मी वरीसभर काय केलं? आपल्याला शिकवाय येत न्हाय, एवढं कळलं तेवढ्यावर सोडून दिलं. इथं बरं हाय. नटबोल्ट मोजायचं. नटाला समजलं का इचारावं लागत न्हाय.”

तेव्हा मी सांगितलं. सगळं. मी काय विचारलं, पोरांनी कशी ऐट केली, किती हात वर आले, अध्यक्षांना मी काय सांगितलं, पायरीवर त्यांना काय सांगितलं. निकालाचं सांगितलं, टाळ्यांचंही सांगितलं. ते मारतील असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी एवढंच विचारलं, “गंगव्वा काय म्हणाली?”

“मिठाचं विचारलं तिनं. किंमत वाढली तरी आई मीठ तेवढंच घालते, मग नियम कुठं गेला?”

त्यांचा चेहरा असा उजळला की मला तो पाहवेना. “मिठाचं! तिचं तिनं काढलं? मी सांगितलं नव्हतं, सर. बघा, तेच तर पुढचं हुतं. मीठ अन् वांगं शेजारी शेजारी मांडायचं. वांगं महाग झालं तर भेंडी घेता येती, मिठाला काय घेणार? मग तिलाच इचारायचं, बिडीचं कसं? बिडी मिठागत का वांग्यागत? आख्खा तास त्याच्यावर...” ते उभे राहून बोलत होते, उजवा हात हवेत फळ्यावर लिहावं तसा फिरत होता. पाच मिनिटं तरी बोलले असतील. दहा वर्षं गप्प राहिलेला तो माणूस त्या पाच मिनिटांत जसा शिकवत होता, तसं मला कधीच जमलेलं नाही आणि जमणारही नाही.

गौतमी चहा घेऊन दारात येऊन उभी राहिली. तिच्या बोटांना तेलकट काळे डाग होते. तीही एका कारखान्यात पॅकिंगला जात होती. मधाळ्यांचा हात हवेतच थांबला. ते तिच्याकडं बघत राहिले आणि हळूहळू खाली बसले.

“ही दोनदा गणितात नापास झाली, सर,” ते म्हणाले. “रोज सांजच्याला पुस्तक घिऊन माझ्यापाशी याची. आप्पा, एवढं सांगा. मी म्हणायचो, मला येत न्हाय बाळ, मी सांगितलं तर तुझं आणखी बिघडंल. माझ्यापाशी बसूच दिलं न्हाय तिला. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर तिनं इचारणं सोडलं.”

 

ते तिला म्हणाले, “गौतमी, ते पुस्तक आण बघू. गणिताचं. बस अशी इथं.”

तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग वडिलांकडं. राग नव्हता तिच्या आवाजात, नुसता गोंधळ होता.

“ते कवाच दिलं की, आप्पा,” ती म्हणाली. “शेजारच्या गुंडूमामाच्या पोरीला. मला आता काय करायचं हुतं ते?”

मधाळे व्हय म्हणाले, आणि तिच्या हातातला चहा घेऊन त्यांनी माझ्यापुढं ठेवला.